कवळीची तळटीप

लाडकीचं पत्र चंद्रभान गुरुजींना तोंडपाठ झालं होतं, आणि तरीही त्याला उत्तर गेलेलं नव्हतं. निळं अंतर्देशीय पत्र, सदुसष्टच्या जुलैत आलेलं. तेव्हा गुरुजी संगमनेरजवळच्या खेड्यात थोरल्या बहिणीकडे, सोजराबाईंकडे राहत होते. पोस्टमनने ते ओट्यावर आणून दिलं, गुरुजींनी उभ्या उभ्या वाचलं आणि आत जाऊन ट्रंकेच्या तळाशी, धोतरांखाली ठेवून दिलं. सोजराबाईंनी विचारलं, "कुणाचं रे?" तर "बोईसरच्या ओळखीच्यांचं," एवढंच म्हणाले. आता एकोणसत्तरचा जून चालू होता. गुरुजी सालवडला मुलाकडे परत येऊनही वर्ष लोटलं होतं. ट्रंक त्यांच्याबरोबर आली होती, पत्रही आलं होतं, आणि ज्या बाईने ते धाडलं ती इथून दोन कोसांवर राहत होती.

लाडकीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिने सांगितलं आणि पाड्यावरच्या शाळेतल्या एकनाथ मास्तरांनी लिहून घेतलं. मास्तर सरळ माणूस. बाई बोलली तसंच त्यांनी कागदावर उतरवलं होतं:

"गुरुजीला लाडकीचा रामराम. आमी सगळी बरी हाय. तू बरा हायस का? पोट दुखतं का? या साली मोरदांडाच्या डोंगराला कवळी आली नाय. गेल्या साली पावसाळा सरताना लोक आलं, टिकाव घेऊन. मुळ्या खणून पोती भरून नेली. त्यांच्याकडं छापील कागद होता. त्यात आपल्या डोंगराचं नाव होतं, ओहळाचं पण, असं मास्तर बोलला. लिवणाऱ्याचं नाव त्यात नाय. तू शिकलेला, तुला छापणारं लोक म्हाईत. ज्यानं लिवलं त्याला शोध आन सांग, का बाबा, डोंगराच्या मागच्या अंगाला थोडी हाय, ती तरी राहू दे. या साली देवाला द्यायला पण धड पुरली नाय. उत्तर धाड. मास्तर वाचून दाखवल."

लाडकी सगळ्यांनाच अरे-तुरे करी. देवाला, जंगलखात्याच्या गार्डाला आणि गुरुजींनाही.

ज्याला शोधायला तिने सांगितलं होतं, तो माणूस सोजराबाईंच्या ओट्यावर उभा राहून तेच पत्र वाचत होता.

हे सगळं सुरू झालं ते गुरुजींच्या पोटापासून. छत्तीस वर्षं शाळेत नोकरी करून ते चौसष्ट साली निवृत्त झाले. बायको आधीच गेली होती. मुलगा बन्सी तारापूरला अणुवीजकेंद्राच्या बांधकामावर फिटर म्हणून लागला होता. त्याने सालवडला दोन खोल्या घेतल्या आणि वडलांना आणलं. गुरुजी कपड्यांची एक आणि पुस्तकांच्या दोन अशा तीन ट्रंका घेऊन आले आणि आल्या आल्या आजारी पडले. छातीत जळजळ, रात्र रात्र झोप नाही, उठून उभं राहिलं की भोवळ. डॉक्टर बाटल्या देत. गुरुजी बाटलीबरोबर आलेला कागद आधी वाचून काढत आणि मग त्यात लिहिलेले सगळे त्रास त्यांना एकेक करून होत. आठ महिन्यांत अंगावरचा सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसू लागला.

लाडकी सालवडला मोळी विकायला यायची. वारली बाई, पन्नाशीच्या आतबाहेरची, काटक, बोलायला फटकळ. बन्सीची बायको सुगंधा तिच्याकडून लाकडं घेई. एक दिवस मोळी टाकून लाडकीने दारातून आत पाहिलं. खाटेवर गुरुजी छातीवर पुस्तक उपडं ठेवून पडले होते.

"सुगंधा, तुझा सासरा आजारी हाय का वाचतंय?"

"दोन्ही," सुगंधा म्हणाली.

"मग एक बंद कर. लाकडं राहू दे, याला मी नेतं. चार रोज डोंगरात चालल, खाल, निजल."

गुरुजी लाजून उठून बसले. "बाई, मला दोन पावलं चालवत नाही."

"तर दोन पावलांवर बसायचं. मंग परत दोन." असं म्हणून ती खरोखर दारात उकिडवी बसली आणि सुगंधाने पिशवी भरेपर्यंत हलली नाही.

त्या दिवशी दोन कोसांना अर्धा दिवस लागला. बोईसरचं रेल्वे फाटक ओलांडल्यावर लाडकीने त्यांच्या वहाणा काढायला लावल्या आणि स्वतःच्या डोक्यावर, चुंबळीवर ठेवल्या. "पायाला भुई कळू दे," म्हणाली. गुरुजींना भुई फारच कळली. पाड्यावर पोचले तेव्हा तळव्यांना फोड आले होते. लाडकीचा नवरा जिवल्या त्यांच्या पायांकडे बघून खो खो हसला, आणि मग कसल्याशा पाल्याचा रस काढून त्याने स्वतः तो चोळला.

जादू काही झाली नाही. पहिले आठ दिवस गुडघे बोलत होते. पण कुडाच्या घरात पुस्तक वाचण्याइतका उजेडच नव्हता, त्यामुळे दिवस मावळला की निजणं आलं. सकाळी ओहळावर जायचं, पाण्यात पाय सोडून बसायचं, जिवल्याबरोबर बांधावरून फिरायचं, नागलीची भाकरी आणि पातळ आंबील खायची. कुणी त्यांना "आज कसं वाटतं?" असं विचारत नव्हतं. हीच मोठी गोष्ट होती. पंधरा दिवसांनी गुरुजींच्या लक्षात आलं, की जळजळ थांबली आहे आणि कधी थांबली ते आपल्याला आठवत नाही. मग दर आठवड्याला तीन दिवस सालवड आणि चार दिवस पाडा असा त्यांचा क्रमच पडला.

जूनच्या अखेरीला मोरदांडाच्या उतारावर कवळी उगवे. गवतासारखी लांब, हिरवी पाती, बुडाशी पांढुरकी. पावसाळ्याच्या सुरुवातीला, जुनं धान्य संपत आलेलं आणि नवं यायला अजून चार महिने, अशा वेळी पाड्यावरच्या प्रत्येक चुलीवर ही भाजी शिजे. पण तिचा एक नेम होता. जिवल्याचा थोरला भाऊ भिका हा पाड्याचा भगत. त्याने कवळीची पहिली भाजी देवाला दाखवून सगळ्यांना चिमूट चिमूट वाटल्याशिवाय कुणी ती तोंडात घालायची नाही. गुरुजींनी पहिल्या वर्षी, निघंटूत लिहितात तशी हिची चव तुरट आहे की गोड हे पाहायला, एक पान तोडून दाताखाली धरलं, तर लाडकीने फाडकन त्यांच्या हातावर मारलं.

"भुक्या! देवाच्या आधी जेवतोस?"

दुसरा नेम खुडण्याचा. विळ्याने वरची पाती कापायची, प्रत्येक गड्ड्याला दोन सोडायची. जमिनीखाली बोटांसारख्या पांढऱ्या मुळ्यांचा झुबका असतो, त्याला हात लावायचा नाही. "ती निजते तिथं," लाडकी सांगे. "पुढल्या साली उठायची हाय तिला." दुखणं असेल तर भिका एखादी मुळी काढी, तीही देवाला विचारून, आणि काढल्या जागी माती दाबून, वर पाण्याची ओंजळ घालून.

हे सगळं गुरुजींनी वहीत टिपून ठेवलं. आणि त्या हिवाळ्यात, अंगात जोर आल्यावर, ते लिहायला बसले.

आयुष्यभर त्यांना काहीतरी छापून यावं असं वाटत आलं होतं. दोनदा कविता परत आल्या होत्या, एकदा सखेद व साभार, एकदा नुसत्याच. या वेळी त्यांनी पुण्याच्या एका आरोग्यविषयक मासिकाला लेख धाडला, 'मला डोंगराने बरे केले'. संपादकांचं पत्र आठ दिवसांत आलं. लेख फार आवडला, फक्त वाचकांच्या सोयीसाठी ठिकाण नेमकं द्यावं आणि वनस्पतीची थोडी शास्त्रीय माहिती जोडावी. गुरुजी दोन दिवस हवेत होते. मग पालघरच्या वाचनालयात बसून त्यांनी चार ग्रंथ चाळले आणि एक तळटीप रचली. कवळी म्हणजेच मुसलीचा एक प्रकार, संस्कृत नाव अमुक, गुण तमुक, तिची मुळी बलवर्धक म्हणून मुंबईच्या जडीबुटीच्या बाजारात चांगल्या भावाने विकली जाते; बोईसर स्टेशनच्या पूर्वेस दीड कोसावर मोरदांड नावाच्या डोंगरावर, ओहळाच्या डाव्या उतारावर ती विपुल आढळते. सगळ्या लेखात गुरुजींना ही तळटीपच सर्वांत आवडली होती. तिच्यात विद्वत्ता होती.

लेखाखाली नाव घातलं 'एक निवृत्त शिक्षक'. लाजेखातर. आणि लाडकीबद्दल लिहिलं, 'तेथील एका बाईने आग्रहाने मला नेले.' झाडाचं संस्कृत नाव शोधायला त्यांनी दोन दिवस घालवले होते. बाईचं नाव तर त्यांना येतच होतं.

सहासष्टच्या एप्रिलमध्ये लेख छापून आला. तो पावसाळा गुरुजींनी पाड्यावर नेहमीसारखा काढला, आणि लेखाचं एका शब्दाने बोलले नाहीत. सांगू, सांगू म्हणता राहून गेलं. सांगायचं तर वाचून दाखवावं लागलं असतं, आणि वाचून दाखवलं असतं तर लाडकीने विचारलं असतं, "यात मी कुठं हाय?" सप्टेंबरात सोजराबाई आजारी पडल्या म्हणून ते संगमनेरला गेले. निघताना एकनाथ मास्तरांकडे पत्ता देऊन म्हणाले, "काही लागलं तर लिहा. संकोच करू नका."

पाती पिवळी पडल्यावर, ऑक्टोबरात, टिकाववाले आले.

उत्तर लिहायला गुरुजी कमी वेळा बसले नव्हते. संगमनेरला त्यांनी अकरा मसुदे केले. पहिल्यात 'नियतीचा विलक्षण खेळ' असं काहीतरी होतं. दुसऱ्यात संपादकांवर सगळा भार होता. तिसरा इतका लांबला, की शेवटी तो लेखच झाला आणि गुरुजींना तो बरा वाटू लागला, तेव्हा घाबरून त्यांनी तो चुलीत घातला. आणि प्रत्येक वेळी एक चित्र डोळ्यांपुढे येई. एकनाथ मास्तर ओट्यावर बसून मोठ्याने वाचतायत, लाडकी गुडघ्यांवर हात ठेवून ऐकतेय, जिवल्या, भिका, शेजारपाजारचे, सगळा पाडा भोवती. न वाचणाऱ्या माणसाला लिहिलेलं पत्र एकट्याला लिहिता येत नाही. ते गावालाच लिहावं लागतं.

सालवडला परत आल्यावर लपणं सुरू झालं. सुगंधाने आता रॉकेलचा स्टोव्ह घेतला होता, त्यामुळे मोळी बंद झाली होती आणि लाडकीला गुरुजी आल्याचा पत्ता नव्हता. पण बोईसरच्या बाजारात ती भेटण्याची भीती होतीच. एकदा सुगंधाबरोबर बाजारात असताना भाजीच्या रांगेत लाडकीसारखं लुगडं दिसलं, तर गुरुजी नारळवाल्याच्या ताडपत्रीमागे शिरले. नारळवाला परप्रांतातून आलेला, थट्टेखोर. "बाबूजी, नारियल लेना है कि छुपना है?" असं तो ओरडून म्हणाला आणि आजूबाजूचे कामगार हसले. ती लाडकी नव्हती. गुरुजींनी कारण नसताना दोन नारळ घेतले.

जुनी दुखणी परत आली. जळजळ, भोवळ, टक्क उघडे डोळे. बन्सी म्हणे, "दादा, तेव्हा डोंगरावर जाऊन बरे झाला होतात ना? मग आता काय झालं जायला?" सुगंधाही म्हणे. गुरुजी "बघू, ऊन उतरू दे," म्हणत, आणि ऊन उतरल्यावर "बघू, चिखल वाळू दे." औषध दोन कोसांवर होतं आणि त्यांनीच त्याचा रस्ता बंद केला होता.

अशात पुण्याहून संपादकांचं पत्र आलं. मासिकातल्या निवडक लेखांचं पुस्तक काढत आहोत, 'मला डोंगराने बरे केले' हा त्यात घ्यायचा आहे, आपली संमती कळवावी. 'तळटीप वाचकांना विशेष उपयुक्त वाटली, ती अवश्य ठेवू.'

गुरुजींना आधी लाडकीचं पत्र आठवलं. डोंगराच्या मागच्या अंगाला थोडी आहे, असं लाडकीने लिहिलं होतं. पुस्तक निघालं की ती थोडीही पोत्यात जाणार. त्यांनी त्याच बैठकीत कार्ड लिहिलं: लेख छापू नये, संमती नाही, त्यातील माहितीमुळे तेथील लोकांचे नुकसान झाले आहे. सही केली, पूर्ण नावाने. बन्सी कामावर निघाला होता, त्याच्याच हातात कार्ड दिलं. पाच मिनिटांचं काम झालं.

आणि त्यामुळेच त्यांना बसवेना. पुण्याला तीन ओळी लिहायला पाच मिनिटं, आणि दोन कोसांवर लिहायला दोन वर्षं?

"सुगंधा, मी पाड्यावर जाऊन येतो," ते म्हणाले.

"आत्ता? एकटे?"

"आत्ता." कारण दुपारपर्यंत आपण जाणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. जाऊन तोंडाने सांगायचं, कागद मध्ये नको, असं त्यांनी ठरवलं होतं.

फाटक ओलांडल्यावर त्यांनी वहाणा काढून पिशवीत टाकल्या. वाटभर ते वाक्यं जुळवीत होते. 'लाडकी, तो मीच.' एवढं पुरे होतं. पण ओहळाशी आले आणि डाव्या उताराकडे नजर गेली. पूर्वी जिथे पायाखाली जागा मिळू नये इतकी कवळी असे, तिथे खड्डेच खड्डे, कडा पावसाने ढासळलेल्या, मधून तांबडी माती वाहून ओहळात उतरलेली. दगडावर बसून जिथे ते पाय सोडत, तिथलं पाणी गढूळ होतं. गुरुजींनी पाणी प्यायला पुढे केलेली ओंजळ तशीच सोडून दिली.

पाड्यावर त्यांना आधी जिवल्याने पाहिलं. खाटलं दुरुस्त करत होता. त्याने हातातली दोरी न सोडता हाक मारली, "लाडके, बघ, मेलेला माणूस चालत आला!"

लाडकी बाहेर आली. केस बरेच पिकले होते. ती गुरुजींकडे बघत राहिली, मग जिवल्याकडे वळून म्हणाली, "काय बोलली होती मी? सांग याला, काय बोलली होती?"

"ती बोलत होती, गुरुजीला पत्र पोचलं नसल," जिवल्या म्हणाला. "मी बोलत होतो, पोचलं पण विसरला. शिकलेल्या लोकांना लय पत्रं येतात."

"दोन सालं भांडतंय माझ्याशी," लाडकी म्हणाली. "पोचलं असतं तर त्यानं लिवलं नसतं? तू सांग, पोचलं का?"

सगळे बघत होते. जुळवलेलं वाक्य गुरुजींच्या जिभेवर होतं. तेवढ्यात ती पुन्हा म्हणाली, "नाय ना पोचलं?" आणि गुरुजींची मान आपोआप हलली.

"नाही पोचलं," ते म्हणाले. "मी तेव्हा... बहिणीकडे होतो."

"बघ!" लाडकीने जिवल्याच्या खांद्यावर थाप मारली. "आता तू माझ्यासाठी आज पाणी भरशील."

मग तिने ती सगळी हकीकत, पत्रातलीच, पुन्हा नव्याने सांगितली. टिकाव, पोती, छापील कागद. एका वर्षी आले, मग दुसऱ्या वर्षी दुसरेच आले, काही मिळालं नाही तेव्हा शिव्या देऊन गेले. पावसाच्या तोंडाला आता लोकांना पोट भरणं जड जातं. म्हणून जिवल्याचा पुतण्या आणि त्याची बायको तारापूरला माती उचलायला गेली आहेत, पेरणी टाकून. सांगताना तिचा आवाज चढला नाही. गुरुजी "हूं, हूं" करत होते, जणू पहिल्यांदाच ऐकतायत.

"चल, तुला दाखवतं," ती म्हणाली. "मागच्या अंगाला. कोणाला बोलू नको हां."

"नाही," गुरुजी म्हणाले. आपल्यालाच हे सांगायची वेळ तिच्यावर आली, आणि ती हसून सांगतेय, हे त्यांना सोसवेना.

मागच्या बाजूला कारवीच्या आडोशाला दोन अंगणांएवढ्या जागेत कवळी होती. कोवळी, ताठ, पाण्याचे थेंब धरून. लाडकीने विळा गुरुजींच्या हातात दिला. "काप. विसरला नायस ना?" गुरुजींनी खाली बसून कापायला सुरुवात केली. पाती धरायची, वर कापायची, दोन सोडायची. हात विसरले नव्हते. ओल्या मातीचा गारवा तळव्यांतून वर चढत होता. ते कापत राहिले आणि लाडकीने थांबवलं तेव्हाच थांबले.

त्याच दिवशी भिकाने देवाला दाखवलं. सागाच्या पानावर मूठभर शिजवलेली कवळी, मीठ नाही, तिखट नाही. काहीतरी पुटपुटून त्याने पाण्याचं बोट फिरवलं आणि वाटायला घेतली. पूर्वी चिमूट असे, आता प्रत्येकाला नखाएवढी. पहिला वाटा त्याने गुरुजींपुढे धरला.

"मला शेवटी द्या," गुरुजी म्हणाले.

"पाव्हणा पहिला," भिका म्हणाला. "घे. अंगाला लागल."

गुरुजींनी ती तोंडात घातली.

निघताना लाडकी बांधापर्यंत पोचवायला आली. "ज्यानं लिवलं त्याला शोधशील ना रे? तुला सापडल. वाईट माणूस नसल तो. त्याला म्हाईत नसल, का लोक खणतील. तू सांगितलं तर ऐकल."

"शोधतो," गुरुजी म्हणाले.

हा शब्द तोंडातून गेल्यावर ते झपझप चालू लागले. मागे वळून बघितलं नाही. खोटं एकदा बोलणं भीतीने होतं, ते कुणीही समजून घेईल. पण 'शोधतो' हे त्यांनी आपण होऊन, चांगलं ठणठणीत सांगितलं होतं.

सालवडला आल्यावर ते जेवले. दोन भाकरी खाल्ल्या. आणि अंथरुणावर पडले ते थेट उजाडताच उठले. कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती. छातीत जळजळ नव्हती, उठल्यावर भोवळ आली नाही. भूक लागली होती. सुगंधा चहा ठेवता ठेवता म्हणाली, "बघा, एका दिवसात तोंडावर तजेला आला. मी म्हणत नव्हते?"

गुरुजी कप हातात घेऊन बसून राहिले. जागरण झालं असतं, पोट दुखलं असतं, तर काहीतरी भोगल्यासारखं वाटलं असतं. पण त्या डोंगराने त्यांचा हिशोब ठेवला नव्हता. चालवलं, खाऊ घातलं, झोपवलं. भिका म्हणाला तसं अंगाला लागलं होतं. खोटं बोलून आलेल्या माणसाच्या अंगाला. याची त्यांना इतकी शरम वाटली, की कप खाली ठेवून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"काय झालं?" सुगंधा घाबरली. "दुखतंय का काही?"

"नाही. काहीच दुखत नाही," ते म्हणाले. "सुगंधा, बस जरा. तुला एक सांगायचंय."

त्यांनी ट्रंकेतून पत्र काढून तिच्या हाती दिलं. मग मासिकाचा अंक. तिने पत्र वाचलं, अंकातली तळटीप ओळीवर बोट ठेवून वाचली. मग म्हणाली, "मी दोन वर्षं तिला सांगत होते, बाजारात भेटली की. गुरुजी आजारी असतील, म्हणून लिहीत नसतील."

"तू भेटत होतीस? मी आलोय ते...?"

"ते नाही सांगितलं. तुम्ही नारळवाल्याच्या मागे का लपता ते कळत नव्हतं मला, पण लपता ते कळत होतं." ती उठली आणि दौत-टाक पुढे ठेवून म्हणाली, "लिहा आता. आणि एकनाथ मास्तरांना वाचता येईल असं लिहा. तुमचं पुस्तकी नको."

बारावा मसुदा झालाच नाही. एकदाच लिहिलं.

"लाडकीस चंद्रभान गुरुजीचा रामराम. एकनाथ मास्तर, हे पत्र आहे तसं वाचा, एकही शब्द गाळू नका. जिवल्या आणि भिका यांच्यादेखत वाचा.

लाडकी, तुझं पत्र मला दोन वर्षांपूर्वीच पोचलं होतं. काल नाही म्हणालो ते खोटं. जिवल्याचं म्हणणंही खरं नाही, मी विसरलो नव्हतो. ज्याला तू शोधायला सांगितलंस तो मीच आहे. कागदात डोंगराचं नाव मी लिहिलं, ओहळाची बाजूही मीच लिहिली, मुळी विकली जाते हेही मीच लिहिलं. छापणाऱ्यांनी ठिकाण मागितलं हे खरं, पण बाजाराचं मला कुणी विचारलं नव्हतं. आपल्याला किती कळतं हे दाखवायला लिहिलं. मुळीला हात लावायचा नाही हे तू मला शिकवलं होतंस. ते लिहिलं नाही. तुझं नावही लिहिलं नाही.

तो कागद आता पुन्हा छापणार होते, त्यांना नको म्हणून कळवलं आहे. मागच्या अंगाचं मी कुणाला सांगितलेलं नाही, सांगणार नाही. यापेक्षा जास्त भरपाई माझ्याकडून होईल असं वाटत नाही. टिकाववाले पुन्हा आले, तर त्यांच्यासमोर उभं राहायला मला बोलवा, मी येईन. एरवी तुम्ही बोलावलंत तर येईन, नाही बोलावलंत तर येणार नाही. काल भिकाने मला पहिला वाटा दिला. तो मी घ्यायला नको होता.

मी बरा आहे. तुमच्यामुळे."

सुगंधाने ते एकदा वाचलं. तिच्या तोंडाकडे बघायचं गुरुजींना धैर्य झालं नाही.

"एवढं जिवल्यासमोर वाचलं जाणार," ती म्हणाली.

"सगळ्यांसमोर."

"मग परत जाता येईल का तुम्हाला तिकडे?"

"माहीत नाही," गुरुजी म्हणाले, आणि पत्राच्या कडेला डिंक लावून त्यांनी ते अंगठ्याने दाबून धरलं.

बोईसरच्या पोस्टात टपाल निघायला अजून अवकाश होता. पोस्टमास्तर ओळखीचे. गुरुजी पेटीपुढे उभे राहून पत्र उलटसुलट करतायत, हे त्यांनी खिडकीतून पाहिलं. मान लांब करून त्यांनी पत्त्यावर नजर टाकली.

"अहो, हे तर इथलंच. चालत गेलात तर पत्राच्या आधी पोचाल, गुरुजी."

"चालत गेलो होतो काल," गुरुजी म्हणाले. "नाही जमलं."

पोस्टमास्तरांना काही कळलं नाही. ते पुन्हा शिक्के मारायला लागले. गुरुजींनी आजूबाजूला पाहिलं. मागे पाळीतून सुटलेला एक कामगार मनिऑर्डरचा फॉर्म हातात धरून, कुणी भरून देईल का म्हणून थांबला होता. गुरुजींनी पत्र पेटीच्या फटीत घातलं. अर्धं आत गेल्यावर बोटांनी ते क्षणभर धरून ठेवलं, आणि मग सोडलं.